पसरणीचा घाट आणि सायकल

वाईहून पाचगणीला जायचे तर पसरणीचा घाट चढावा लागतो. वाई कृष्णेच्या काठी वसली आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ७२० मीटर आहे. पाचगणी डोंगरमाथ्यावर, सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. दोन्ही गावांमधला रस्ता १२ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे १२ किलोमीटर पुढे जाता जाता आपण ५८० मीटर वर जातो. फुटांत सांगायचे तर १९०० फूट.

एस. टी. त बसून गेले तर हे काही कळत नाही. ड्रायव्हर गिअर बदलतो, इंजिन घुरघुरते, धोम धरणाचे पाणी खाली खाली जाताना दिसते. एखादे पोर खिडकीतून माकडांकडे बोट दाखवते. तेवढ्यात दांडेघरचा नाका येतो आणि लोक पिशव्या सावरू लागतात. सायकलवर मात्र यातला प्रत्येक मीटर आपल्याच पायांनी चढायचा असतो. तो कसा चढावा, त्याची तयारी किती दिवस करावी, आणि वर पोचल्यावर खाली कसे यावे, हे या धड्यात सांगायचे आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येतात. वय ४२. शेती थोडी, बाकी मजुरी. दोन वर्षांपूर्वी ते अक्षरे शिकले, आणि त्याच साली मुलाच्या सायकलवर बसायलाही शिकले. त्यांची धाकटी बहीण पाचगणीला दिलेली आहे. राखीपौर्णिमेला ती माहेरी आली होती. तेव्हा बोलता बोलता हे म्हणाले, "औंदा भाऊबीजेला मी सायकलवर येतो तुझ्याकडे." बहीण हसली. तिचा मुलगा तर पोट धरून हसला. गृहस्थांना ते हसणे लागले. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, खरं सांगा, चढेल का मला घाट?"

आम्ही त्यांना हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. म्हटले, आधी हिशेब करू. फळ्यावर खडूने जो हिशेब केला तोच इथे देतो. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या.

त्यांचे वजन ६२ किलो. सायकलचे १६ किलो. पाणी, पंप, पिशवी मिळून २ किलो. बेरीज ८० किलो. हे ८० किलो ५८० मीटर वर न्यायचे आहेत. आता आपल्या ओळखीची एक गोष्ट घेऊ. विहीर ४० फूट खोल आहे, म्हणजे १२ मीटर. घागरीत १० लिटर पाणी मावते, म्हणजे १० किलो. ८० किलो म्हणजे अशा ८ घागरी. ५८० ला १२ ने भागले तर ४८ येतात, वर किरकोळ उरते ते सोडून द्या. ४८ गुणिले ८ बरोबर ३८४. म्हणजे पसरणीचा घाट सायकलने चढणे हे ४० फूट विहिरीतून ३८४ घागरी पाणी शेंदण्याएवढे काम आहे. रस्त्याचे आणि वाऱ्याचे अडणे धरले तर थोडे अधिकच.

हा आकडा ऐकून वर्गातल्या बायका आधी हसल्या. मग एक आजी म्हणाल्या, "एवढ्या घागरी तर आम्ही लग्नघरी ओढल्यात. पण एका दमात नाही." आजींनी एका वाक्यात सगळा धडा सांगितला! ३८४ घागरी एक माणूस ओढू शकतो. प्रश्न असतो तो किती वेळात ओढायच्या याचा. दोन तास घेतले तर मिनिटाला तीन घागरी, थोड्या वर. तासाभरात चढू म्हटले तर मिनिटाला सहाहून जास्त. मिनिटाला तीन घागरी ओढणारा माणूस मधूनमधून बोलूही शकतो. मिनिटाला सहा ओढणारा नवखा माणूस दहा मिनिटांत पायरीवर बसतो. घाटात जे लोक अर्ध्यावरून परततात, त्यांतले पुष्कळ ताकद कमी पडली म्हणून परतत नाहीत. सुरुवातीला घाई केली, म्हणून परततात.

वजनाचेही तसेच. पाठीमागे कॅरियरला १० किलोचे गाठोडे बांधले, तर ४८ घागरी वाढल्या. भाऊबीजेला बहिणीसाठी पाच किलो तांदूळ न्यायचा त्यांचा विचार होता. हिशेब पाहिल्यावर तो तांदूळ एस. टी. ने जाणाऱ्या शेजाऱ्याकडे दिला. साडी तेवढी पिशवीत राहिली.

आता सायकलीकडे वळू.

आपली नेहमीची काळी सायकल सपाटीसाठी केलेली असते. तिच्या पायडलजवळच्या मोठ्या चकतीला साधारण ४४ दात असतात आणि मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला १८. म्हणून पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, आणि सायकल सव्वापाच ते साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान. थोडे पाय हलवले की पुष्कळ अंतर कापले जाते. पण चढावर हेच अंगावर येते. माणसाला पायडल मिनिटाला निदान ४० वेळा तरी फिरवावे लागते. त्याहून हळू फिरवले तर प्रत्येक फेरीला गुडघ्यावर फार जोर येतो आणि तोल जाऊ लागतो. काळ्या सायकलीवर ४० फेऱ्या म्हणजे मिनिटाला २१६ मीटर. पसरणीच्या खऱ्या चढावर, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर चढत असेल तिथे, मिनिटाला १३ मीटर वर जाणे आले. घागरींत सांगायचे तर मिनिटाला आठ-नऊ घागरी. हे नवख्याचे काम नव्हे. म्हणजे ही सायकल हळू चढूच देत नाही. जोरात चढा, नाहीतर उतरा, असे ती सांगते.

गिअरची सायकल असते तिच्या मागे लहान-मोठ्या अनेक चकत्या असतात. पुढेही दोन-तीन असतात. पुढची लहान चकती २८ दातांची आणि मागची मोठीही २८ दातांची लावली, तर पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एकच फेरी. सायकल दोन मीटरांहून थोडी जास्त पुढे जाते. आता मिनिटाला ४५ फेऱ्या मारल्या तरी त्याच चढावर मिनिटाला चार घागरीही होत नाहीत. काम तेवढेच, पण लहान लहान घास करून घेतलेले. पहारेने दगड उचलताना आपण पहार लांब धरतो ना, तसलाच हा प्रकार आहे. हात जास्त फिरवावा लागतो, पण जोर कमी लागतो.

ज्यांच्याकडे काळीच सायकल आहे त्यांनी मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. थोडा फरक पडतो. पण पसरणीसारख्या घाटात त्यांनी बराच भाग चालायची तयारी ठेवावी.

चालण्याची लाज वाटते, असे पुष्कळ जण सांगतात. त्यांच्यासाठी एक खरी हकीकत. फ्रान्स देशात दरवर्षी सायकलींची मोठी शर्यत होते. तिला टूर द फ्रान्स म्हणतात. १९१० साली ती शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेली. त्यातली तुर्मले नावाची खिंड २११५ मीटर उंच आहे. रस्ता दगडमातीचा. आजच्यासारखे गिअर नव्हते. ते गिअर या शर्यतीत १९३७ साली चालू झाले. त्या दिवशी तुर्मलेवर सर्वांत पुढे होता तो ओक्ताव लापिझ. आणि तो चढाचा काही भाग सायकल हातात धरून, पायी चालत गेला. पुढे त्या वर्षीची सगळी शर्यत त्यानेच जिंकली. तेव्हा आपण घाटात दोन वळणे चाललो, तर त्यात तोंड लपवण्यासारखे काय आहे?

आमच्या गृहस्थांच्या मुलाची सायकल नशिबाने गिअरची होती. पण बापाने तिचे गिअर कधी हलवलेच नव्हते. सपाटीवर बसून, चढ नसताना, कोणती कांडी कुठे ढकलली की काय होते हे आधी शिकून घ्यावे. चढ लागल्यावर, पायांनी जोर दिलेला असताना गिअर बदलला तर चेन कडाड वाजते, कधी उतरते. चढ समोर दिसताच, पाय हलके असतानाच बदलावा.

बसण्याची उंचीही पाहावी. खेडोपाडी आपण सीट फार खाली ठेवतो. पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्यामुळे गुडघा सदा वाकलेला राहतो आणि दुखतो. उपाय सोपा आहे. सायकल भिंतीला टेकून सीटवर बसावे. पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढा बरोबर. गृहस्थांची सीट तीन बोटे वर घ्यावी लागली. पहिले दोन दिवस त्यांना पडायची भीती वाटली. आठवड्यात सवय झाली.

यानंतर आम्ही त्यांना जी गोष्ट करायला लावली, तिच्यावर ते नाराज झाले. आम्ही म्हटले, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून या. ते म्हणाले, "मला काय झालंय? दिवसभर खोरं मारतो मी." हे खरे होते. पण चाळिशी उलटलेली, वीस वर्षे विडी ओढलेली, आणि वडील झोपेतच गेलेले. असा माणूस घाटाला लावायचा तर आधी डॉक्टरांनी पाहिले पाहिजे. ते गेले. रक्तदाब वाढलेला निघाला. त्याची त्यांना काहीच जाणीव नव्हती. रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही, हेच त्याचे वाईट. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले, विडी सोडायला सांगितली, आणि तीन आठवडे फक्त सपाटीवर, हळू सायकल चालवा म्हणाले. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजला. खाली आला होता. मग परवानगी मिळाली. विडी मात्र पूर्ण सुटलेली नाही. दिवसाला बाराची दोनवर आली आहे, असे त्यांची बायको सांगते.

छातीवर दाब आल्यासारखे वाटले, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, गार घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथल्या तिथे उतरून बसावे. "थोडंच राहिलंय" असे म्हणू नये. आपल्या राज्यात १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. हा नंबर पाठ करावा. घाटात मोबाईलला कुठे कुठे आवाज मिळत नाही, म्हणून एकट्याने जाऊच नये.

सरावाचा काळ आम्ही दहा आठवड्यांचा धरला. राखीपौर्णिमा ते भाऊबीज एवढा वेळ होताच. पहिले तीन आठवडे सपाटीवर, एक दिवसाआड, अर्धा तास. नियम एकच. शेजारून चालणाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागले की वेग कमी करायचा. हा नियम साधा दिसतो, पण तो फार कामाचा आहे. हृदय आणि फुप्फुसे हळूहळू मोठ्या कामाला तयार होतात, घाईने होत नाहीत. बैलाला नांगराला लावण्याआधी आपण मोकळी जू ठेवतो, त्यातलाच हा भाग.

चौथ्या आठवड्यापासून चढ. आमच्या गावाबाहेर मारुतीच्या देवळाकडे जाणारा एक चढ आहे. लांबी ३०० मीटर. उंची किती, ते कोणालाच ठाऊक नव्हते. एका रविवारी वर्गातल्या चार जणांनी गवंड्याकडची पाण्याची नळी आणली आणि खालून वरपर्यंत पातळ्या घेत गेले. पातळी घ्यायची, आकडा वहीत लिहायचा, पुढे सरकायचे. शेवटी बेरीज केली. १५ मीटर भरली. म्हणजे शंभराला पाच. पसरणीच्या चढापेक्षा थोडा सौम्य, पण जातीचा तोच. ५८० ला १५ ने भागा. हा चढ ३९ वेळा चढला की एक पसरणी होते.

गृहस्थ पहाटे जाऊन तो चढ चढू लागले. खिशात चिंचोके घेऊन जायचे. वर पोचले की एक चिंचोका देवळाच्या ओट्यावर ठेवायचा. पहिल्या दिवशी तीन चिंचोके झाले. दर आठवड्याला एक-दोन वाढवायचे, अधिक नाही. एक दिवस काम, एक दिवस विसावा. ज्या दिवशी शेतात जड काम असेल त्या दिवशी सायकलला सुट्टी. पाऊस आला की घरी. मधल्या एका आठवड्यात ताप आला, तेव्हा दोन चिंचोके मागे जावे लागले. अशा वेळी राहिलेले एकदम भरून काढायला जाऊ नये. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बारा चिंचोके झाले, दम न तुटता. आम्ही म्हटले, आता चार दिवस काही करू नका. पायांना विसावा द्या. त्यांना ते पटेना. पण पिकालाही पाणी देऊन वाफसा यायची वाट पाहावीच लागते, हे त्यांनाच आमच्याहून जास्त ठाऊक होते.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगतो. आपण खातो त्या अन्नातला रुपयातला चार आणे भागच पायांच्या कामी येतो. उरलेला बारा आणे भाग उष्णता होऊन जातो. म्हणूनच एवढा घाम येतो. एवढा घाट चढायला दीड-दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाइतके अन्न पुरते. म्हणून आदल्या रात्री नेहमीसारखी भाकरी खावी, तट्ट फुगेपर्यंत खाऊ नये. दिवाळीच्या तळणाला तर त्या दिवशी लांबूनच नमस्कार करावा. निघण्याआधी तासभर थोडे पोहे किंवा एखादे केळे. बरोबर गूळ आणि शेंगदाणे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. फार घाम येत असेल तर साखर-मीठ-पाणी चांगले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने मुठीने टाकू नये. ज्यांना मधुमेह आहे किंवा रक्तदाब आहे त्यांनी यासाठी डॉक्टरांना विचारावे. आमच्या गृहस्थांना डॉक्टरांनी साधे पाणीच प्यायला सांगितले होते.

धोतर किंवा सैल पायजमा चेनमध्ये अडकतो. पायाशी घट्ट बांधावा. डोक्याला हेल्मेट घालावे. टोपीने ऊन अडते, दगड अडत नाही. सदरा पांढरा किंवा पिवळा, लांबून दिसेल असा. मागे लाल दिवा.

वेळही नीट निवडावी. पावसाळ्यात हा घाट सायकलसाठी नाही. धुके असते, दरडीचे दगड रस्त्यावर येतात, ब्रेक ओले होतात. उन्हाळ्यात दहानंतर डांबर तापते. सुट्ट्यांत मोटारींची रांग लागते. भाऊबीजेचा दिवस म्हणजे दिवाळीची गर्दी, हे आम्हाला काही आवडले नव्हते. पण भाऊबीज पुढे ढकलता येत नाही. मग एकच उपाय राहिला, पहाटे निघणे.

ते साडेपाचला गावातून निघाले, दिवा लावून. मुलगा दुसऱ्याच्या सायकलवर बरोबर होता. पुढचे आम्हाला त्यांनी स्वतः लिहून दिले. वहीचे अर्धे पान आहे. कुठे मात्रा चुकली आहे, कुठे काना राहिला आहे. पण सगळे समजते. त्यातलेच सांगतो.

वाईपर्यंत सात किलोमीटर सपाटी. तिथे चहा घेतला. पसरणी गावापर्यंत रस्ता फारसा चढत नाही. हे शाहीर साबळे यांचे गाव. त्यांचा जन्म इथलाच, १९२३ सालचा. गाव मागे टाकले की घाट सुरू होतो. इथेच मुलगा पुढे पळाला. बापालाही वाटले, आपणही जोर लावावा. पण त्यांनी आजींच्या घागरी आठवल्या आणि सर्वांत हलका गिअर घातला. दहा मिनिटांनी मुलगा कठड्यावर धापा टाकत बसलेला दिसला.

डावीकडे वळणाऱ्या वळणात आपण रस्त्याच्या आतल्या बाजूला असतो, आणि तिथे चढ एकदम उभा होतो. तिथे त्यांचा दम गेला. पहिल्यांदा तेव्हा उतरले आणि वळण पायी ओलांडले. रस्त्यावर नागमोडी जाऊन चढ कमी करता येतो, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. मोकळ्या पाणंदीत ते ठीक आहे. घाटात मागून ट्रक येत असतो. त्यांनी डावी कड सोडली नाही, हे बरे केले. सीटवरून उठून, उभे राहून पायडल मारून पाहिले. जोर येतो, पण श्वास फार लागतो. म्हणून तसे वीस-पंचवीस फेऱ्यांपुरतेच करावे. हँडल घट्ट आवळले तर खांदे भरून येतात. हात सैल सोडले की बरे वाटते, असे त्यांनी लिहिले आहे. नजर लांबच्या माथ्याकडे गेली की पाय जड होतात, म्हणून ते पुढचा कठड्याचा दगड बघत गेले. एक दगड झाला की पुढचा. एका ठिकाणी माकडाने गुळाची पिशवी ओढायचा प्रयत्न केला. गूळ वाचला, शेंगदाणे गेले.

दुसऱ्यांदा उतरले ते माथ्याच्या थोडे अलीकडे. मिळून एक किलोमीटर चालले असतील. वाई सोडल्यापासून दोन तास वीस मिनिटांनी दांडेघर आले. बहिणीने दारात रांगोळी काढली होती. भाचा या वेळी हसला नाही. त्याने सायकलला गोल फेरी मारून मागच्या चकत्या मोजल्या.

इथे पुष्कळ लोकांना वाटते की झाले. आमच्या मते खरी काळजी इथून पुढे. चढताना माणूस दमतो. उतरताना माणूस मरतो. शब्द कडक आहे, पण मुद्दाम वापरला आहे. चढताना पडलो तर चालण्याच्या वेगाने पडतो. उतरताना वेग ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर सहज होतो, आणि तो आपल्याला कळतही नाही, कारण कष्ट काहीच नसतात.

पुन्हा घागरींकडे या. तुम्ही ३८४ घागरी वर ओढून ठेवल्या आहेत. आता त्या सगळ्या परत खाली येणार. थोड्या वाऱ्याशी झगडण्यात खर्च होतात. बाकी सगळ्या अडवायच्या कोणी? ब्रेकच्या चार रबरी तुकड्यांनी. त्यांनी अडवलेले काम उष्णता होऊन रिममध्ये जाते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते, रबर गुळगुळीत होते, पकड जाते. फार तापली तर आतली ट्यूबही फुटते. म्हणून ब्रेक दाबावा, वेग कमी करावा, सोडावा. पुन्हा दाबावा. पुढचा आणि मागचा दोन्ही मिळून वापरावेत. नुसता पुढचा एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. वळणाच्या आतच ब्रेक मारू नये. वेग वळणाच्या आधी उतरवावा. वळणावर खडी, वाळू किंवा सांडलेले डिझेल असते, त्यावर चाक निसटते. एस. टी. आणि ट्रक वळताना आपली बाजू सोडून बाहेर येतात, तेव्हा डावी कड धरून राहावे. कोणी हॉर्न देऊन घाई केली तर थांबून त्याला जाऊ द्यावे.

गृहस्थ त्या दिवशी उतरले नाहीत. रात्री बहिणीकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर निघाले. निघण्याआधी ब्रेकची रबरे पाहिली. मागची जुनी रबरे जवळजवळ लोखंडापर्यंत झिजली होती. सपाटीवर ती चालून गेली होती. घाटात गेली नसती. पाचगणीतल्या दुकानात नवी जोडी घालून घेतली, ब्रेकची तार ताणून घेतली, चाके हाताने फिरवून पाहिली. वाटेत चार वेळा थांबले. दुसऱ्या थांब्याला त्यांनी रिमला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. भाकरीच्या तव्याइतकी तापली होती म्हणे. ती निवेपर्यंत बसून राहिले. उतरायला पाऊण तास लागला. मुलगा वीस मिनिटांत उतरू पाहत होता. बापाने त्याला पुढे जाऊ दिले नाही.

हिशेब करा

१. तुमचे वजन किती? सायकलचे किती? दोन्हींची बेरीज करा. ही बेरीज १२ मीटर खोल विहिरीतून वर काढायची तर १० किलोच्या किती घागरी होतील?

२. काळ्या सायकलच्या पुढच्या चकतीचे दात मोजा. मागच्या फ्रीव्हीलचे दात मोजा. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक किती वेळा फिरते?

३. तुमच्या गावाजवळ कोणता चढ आहे? पाण्याची नळी घेऊन चौघे मिळून त्याची उंची मोजा. ५८० मीटर व्हायला तो किती वेळा चढावा लागेल?

४. तुमच्या सायकलच्या ब्रेकची रबरे आज पाहा. ती केव्हा बदलली होती, ते वहीत लिहून ठेवा.